'आयडी' घेता तेव्हा नेमकं काय घेता?

आयपीएल लागली की नागपुरात पानठेल्या-पानठेल्यावर 'आयडी आहे का?' सुरू होतं. मॅच नागपूरच्या जामठा स्टेडियमवर असो की चेन्नईत. आयडी म्हणजे सट्ट्याच्या एका वेबसाइटचं युजरनेम, पासवर्ड आणि त्यात टाकलेले पॉइंट. ती देतो एजंट. त्याच्या वर मास्टर, त्याच्या वर सुपर मास्टर, आणि सगळ्यांची टक्क्यांत पार्टनरशिप. तुम्ही हरलात की पैसे या साखळीत वाटले जातात. 'आज हीच टीम लाव, पक्की आहे' सांगणारा तुमच्या हरण्यावर कमावतो, हे आधी डोक्यात बसवा.

मॅचच्या भावात बुकीला फार काही नाही. फेव्हरिटचा भाव ४०-४२ पैसे असेल तर हजार लगाई केली (ती टीम जिंकेल यावर लावले) की ४०० मिळतात. खाई केली (ती हरेल यावर लावले) तर हजारासाठी ४२० जोखमीवर. फरक दोन पैशांचा. खरी मलई सेशनमध्ये, म्हणजे ठरावीक ओव्हरमध्ये किती रन होतील यावरच्या सट्ट्यात. सहा ओव्हरचं सेशन ४८-५० आलं. 'यस' वाल्याला ५० किंवा जास्त रन लागतात, 'नो' वाल्याला ४७ किंवा कमी. ४८ किंवा ४९ झाले? दोघंही गेले. वरून टीव्हीवरचा बॉल मैदानापेक्षा काही सेकंद उशिरा दिसतो. तुम्हाला सिक्स दिसेपर्यंत भाव बदललेला असतो.

बोनसचंही तसंच. हजार भरा, हजार फुकट, अट बोनसच्या ३० पट खेळायची. म्हणजे ३०,००० फिरवायचे. स्लॉट मशीनच्या खेळात घराचा (म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा) वाटा ५ टक्के धरला तर सरासरी १५०० जातात, हजाराच्या बोनससाठी! (एका शून्याच्या रूलेटमध्ये हाच वाटा २.७ टक्के असतो, पण बोनस मोजताना रूलेट बहुतेक ठिकाणी अर्धवटच धरतात.)

आता पैशाची वाट. दर वेळी नवा खाते क्रमांक, नवा यूपीआय. ही भाड्याने घेतलेली दुसऱ्यांची खाती. जिंकलात तर पैसे अशाच खात्यातून येतात, आणि त्या खात्यावर कुठल्यातरी राज्यात सायबर तक्रार झाली की तुमचंही खातं गोठतं. पगार त्याच खात्यात येत असेल तर बसा बँकेच्या चकरा मारत.

२०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ५८ कोटी गेल्याची तक्रार केली, धागा गोंदियाच्या बुकीपर्यंत गेला. तक्रारीनुसार त्याला सुरुवातीला जिंकवलं होतं. पहिले चार डाव जिंकणाऱ्याने हे जरा लक्षात घ्यावं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाराही त्यात येतो. त्या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही, म्हणून तक्रार करायला घाबरू नका.

पैसे अडकले आणि 'आधी टॅक्स भरा, मग विड्रॉल' असा मेसेज आला, तर एक रुपयाही पाठवू नका. टीडीएस (आधीच कापला जाणारा टॅक्स) जिंकलेल्या रकमेतून कापतात, वेगळा मागत नाहीत. यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक), चॅट, खाते क्रमांक यांचे स्क्रीनशॉट काढा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत.