पणजोबा सुभेदार होते, पण कोणत्या काळातले?

वंशावळ लिहायला घेतली की दोन रकाने सगळ्यात आधी भरतात आणि तेच सगळ्यात जास्त चुकतात. एक घराण्याच्या चिन्हाचा, दुसरा लष्करातल्या चाकरीचा. आजोबांची जन्मतारीख काढायला तहसीलच्या चार खेपा होतात, पण 'आमचं घराणं सरदारांचं' लिहायला खेप लागत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. ज्यांच्याकडे जुने कागद, पदकं, सनदा आहेत त्यांनी तरी वाचा.

हुद्द्यांपासून सुरू करू. शिवकाळात गडावरचा हवालदार म्हणजे सरनोबत आणि सबनिसाच्या जोडीचा मुख्य अधिकारी, गडाच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात. त्याच काळात घोड्यांच्या पागेत पंचवीस बारगिरांवरचा, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवरचा, माणूसही हवालदारच. आणि १९१५ च्या पलटणीतला हवालदार म्हणजे गोऱ्यांच्या सार्जंटच्या तोडीचा. शब्द एक, माणसं तीन. सुभेदाराचंही तेच. पेशवाईत तो सुभ्याचा कारभार पाहणारा, इंग्रजी पलटणीत तो जमादाराच्या वरचा देशी अधिकारी. जमादार हा हुद्दा स्वातंत्र्यानंतर 'नायब सुभेदार' झाला. आता नातवंडांना 'जमादार' लिहायचा संकोच वाटतो आणि ती पणजोबांना परस्पर बढती देऊन मोकळी होतात. असं करू नका. कागदावर जमादार असेल तर जमादारच लिहा, आजचा समकक्ष हुद्दा पुढे कंसात द्या.

'सरदार' तर याहून निसरडा. पेशव्यांचा पथक बाळगणारा सरदार वेगळा. इंग्रजी अमदानीत दख्खनच्या सरदारांची पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्गाची यादी असे, तो मान वेगळा. आणि 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया'चा पहिला वर्ग मिळालेल्या देशी अधिकाऱ्याच्या नावापुढे लागणारं 'सरदार बहादूर' वेगळं. तिसऱ्याचं पहिलं करून ठेवलेल्या वंशावळी पैशाला पासरी सापडतील. शिलेदार आणि बारगीर यांतही गल्लत नको. शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येई, बारगिराचं घोडं सरकारी पागेतलं. 'घोडदळात होते' असं मोघम लिहिलं की हा फरक कायमचा हरवतो, आणि घराण्याची ऐपत नेमकी त्या फरकातच दिसते.

आता तारखा. मोडी कागदावर बहुधा सुहूर सन असतो, तोही आकड्यात नाही, अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' उलगडा: एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे ११६१. हा सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, ते याच ११६१ मध्ये येतं. आता समजा, घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की अमुक पूर्वज पानिपतावर पडला, आणि त्याच माणसाला उद्देशून लिहिलेला कागद 'इसन्ने सितैन'चा, म्हणजे ११६२ चा निघाला. हा सन सुरू झाला तेव्हा पानिपताला चार महिने उलटून गेले होते. मग एक तर तो परत आला, किंवा पडलेला माणूस त्याच नावाचा दुसरा कोणी होता. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत असल्याने दुसरी शक्यता आधी तपासा. फसली, म्हणजे महसुली सनाची बेरीज निराळी, दख्खनच्या फसलीला ५९० किंवा ५९१. शालिवाहन शकाला ७८, आणि जानेवारी ते गुढीपाडवा ७९. कुठला सन आहे हे न पाहता बेरीज केली की माणूस दहा वर्षं इकडचा तिकडे जातो.

पहिल्या महायुद्धाकडे येऊ, कारण सर्वांत जास्त घरांत याचेच अवशेष आहेत. सर्रास होणारी चूक म्हणजे 'पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, कुतला (मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये) होते'. त्या वेळी त्या नावाची एकच रेजिमेंट नव्हती. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा नंबरांच्या स्वतंत्र पलटणी होत्या. १९२२ च्या फेररचनेत त्या एकत्र करून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ होत्या. वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. तुमच्या पणजोबांची पलटण ११४ असेल तर ते मेसोपोटेमियात असतील, पण वेढ्यात अडकलेले नव्हेत. दुसऱ्या महायुद्धाच्या कागदावर '३/५' दिसलं तर तो अपूर्णांक नाही, कंपनीही नाही. ५ व्या रेजिमेंटची तिसरी बटालियन, यशवंत घाडगे यांची. त्यांना १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

शिवाय मराठी माणूस म्हणजे मराठा पलटण हे गृहीत धरू नका. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, पायोनियर पलटणी, तोफखाना, खेचरांच्या तुकड्या, डोलीवाले, मजूर तुकड्या, सगळीकडे आपली माणसं होती. महारांची भरती १८९२ मध्ये थांबवली होती, मग १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्धानंतर मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची. त्यामुळे १९१८ च्या सैनिकाच्या नावापुढे 'महार रेजिमेंट' लिहिलं तर पलटणही चुकते आणि मधला वीस वर्षांचा अन्यायही पुसला जातो.

पदक हातात असेल तर चेहऱ्यावरचा राजा सोडा, कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ताऱ्याच्या आकाराचं असेल तर मागच्या बाजूला. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवी धरून, पदक हळूहळू फिरवत फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं उडतात. आणि कृपा करून चिंच, राख, पितांबरी लावू नका. दसऱ्याला शस्त्रांबरोबर पदकं घासून घासून किती तरी घरांत कड गुळगुळीत झाली आहे. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल बऱ्याच ठिकाणी सोनाराकडे मोडीत गेलेलं असतं, मागे राहतं ते इंद्रधनुषी फितीचं ब्राँझचं व्हिक्टरी मेडल. ही दोन्ही पदकं युद्धावर गेल्याची आहेत, शौर्याची नव्हेत. त्यांना 'शौर्यपदक' म्हणणं म्हणजे ज्यांना खरोखर आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) किंवा आयओएम (इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट) ही शौर्याची पदकं मिळाली त्यांच्यावर अन्याय. दुसरी गोष्ट, कडेवरचा नंबर त्या पलटणीपुरता असतो. १०३ मधला २३४५ आणि ११७ मधला २३४५ ही दोन माणसं. नुसता नंबर टाकून शोधलं तर कुणाचाही पणजोबा हाती लागेल.

मृत सैनिक कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधायचा तर नावाने सुरुवात करू नका. इंग्रजी लिपीत 'मोरे' आणि 'मोर' एकच दिसतं, आडनाव अनेकदा गायब असतं. पलटण घाला, मग जादा माहितीच्या ओळीत वडिलांचं नाव, गाव, तालुका जुळवा. तिन्ही जुळले तरच नोंद करा. दोन जुळले तर 'संभाव्य' लिहा. गावच्या वेशीवर किंवा चावडीत संगमरवरी पाटी असेल तर तिच्यावर बहुतेक वेळा किती गेले आणि किती मेले एवढंच मिळतं, नावं नाहीत.

राहिलं चिन्ह. इथे मी थोडा कडक आहे. आडनाव टाकल्यावर 'घराण्याचं राजचिन्ह' छापून कप आणि फ्रेम विकणाऱ्यांकडे पैसे घालवू नका. युरोपातल्यासारखी ढालीवरची चिन्हं मराठा घराण्यांत मुळात नव्हती. संस्थानिकांची जी दिसतात त्यांतली बरीचशी १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात दिलेल्या रेशमी निशाणांपासूनची, आणि ती काढली बंगाल सिव्हिल सर्व्हिसच्या रॉबर्ट टेलर या साहेबाने. ग्वाल्हेरच्या चिन्हावरचे नाग त्या गादीचे, प्रत्येक शिंद्यांचे नव्हेत. इंग्लंडातही चिन्ह माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं, आडनावाला नाही.

आपल्याकडे नोंदवण्याजोगं भरपूर आहे, फक्त त्याला वेगवेगळे रकाने हवेत. देवक लग्नाकार्यातलं, बाईंच्या माहेरचं वेगळं विचारा. मोऱ्यांचं मोरपीस प्रसिद्ध आहे, पण स्वतःच्या घरात काय पुजतात ते छापील यादीवरून नव्हे, घरातल्या थोरल्या बाईंकडून घ्या. पालखी, नगारा, अब्दागीर (मानाची छत्री), जरीपटका (मानाचं निशाण) हे दिलेले मान, म्हणून कोणी, कोणाला, कधी दिला हे सनदेतून. मुद्रा अधिकाराची. 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान' यात छत्रपती आणि पेशवा दोघांची नावं आहेत, त्यामुळे मुद्रेवरून कागदाचा काळ ठरतो. छत्रपती बदलला की मुद्राही बदलते. शिक्क्याचा फोटो घेताना शेजारी मोजपट्टी ठेवा आणि मजकूर ओळीनुसार, मोडला असेल तिथे मोडूनच उतरवा.

महजरावरचा (गावच्या पंचांसमोर झालेल्या निवाड्याच्या कागदावरचा) नांगर पाहून 'आमच्या घराण्याचं चिन्ह नांगर' असं लिहिणारे बरेच भेटतात. पाटील सहीऐवजी नांगर काढी, न्हावी आरसा काढी. ती धंद्याची निशाणी, गावोगावच्या पाटलांची तीच. नोंद अशी करा: 'महजर, सुहूर सन अमुक, मौजे अमुक, साक्षीत नांगराची निशाणी, खाली नाव अमुक.' आणि घराण्याच्या चिन्हाच्या रकान्यात 'कागदात नाही'.