माझं अक्षर चांगलं आहे ना, म्हणून

दादाकडे सध्या एकच विषय. भाचीची बारावी झाली, सीईटीचा पर्सेंटाइल आला, आता इंजिनिअरिंगच्या कॅपचा, म्हणजे सामायिक प्रवेशफेरीचा, कॉलेजांची पसंती लिहायचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. ठाण्यात वर्तकनगरच्या त्यांच्या हॉलमध्ये टीपॉयवर गेल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या पसरल्यात, त्यावर तीन रंगांचे हायलायटर, आणि वहिनी त्यातूनच जागा करून चहाचे कप ठेवते. रविवारी पोहे खायला गेले तर बशी हातात यायच्या आधी प्रश्न आला, "आत्या, तुझं सगळ्यात आवडतं मुलींचं कॉलेज कोणतं?"

"एसएनडीटी, चर्चगेट."

"ते तू तिथं शिकलीस म्हणून."

आहेच मुळी. पण ती इंजिनिअरिंगला जाणार, मी पडले मराठी घेऊन बी. ए. झालेली, म्हणजे माझ्या आवडीचा तिला काडीचा उपयोग नाही. तिच्या यादीत वर तीन नावं होती. जुहूच्या एसएनडीटी कॅम्पसमधलं उषा मित्तल, पुण्यात कर्वेनगरचं कमिन्स, आणि वाशीचं एक, जिथं मुलं-मुली दोघंही आहेत. दादाचा कौल पहिल्या दोघांना. "मुलींचं कॉलेज बरं. आपल्या डोक्याला ताप नाही."

इथं माझी सटकली. दादा, तू हे वाचणार आहेस. वाच.

१९९२ साली बाबांनी मला चर्चगेटला घातलं ते ह्याच वाक्यावर. शब्द न् शब्द हाच. नौपाड्यातून चालत जाता येईल इतक्या जवळ जोशी-बेडेकर कॉलेज होतं, मार्कही होते, पण तिथं मुलं होती. मुलं नकोत म्हणून मुलीला रोज लोकलच्या गर्दीतून व्हीटीपर्यंत पाठवायचं, ह्यातला विनोद तेव्हा घरात कोणाच्या लक्षात आला नाही. फाटकाच्या आत चार तास मी सुरक्षित. जाण्यायेण्याचे तीन तास फलाटावर, पुलावर, आझाद मैदानाच्या पायवाटेवर, तिथं कोण होतं राखायला? मुलींचं कॉलेज निवडायची जेवढी कारणं आहेत त्यात हे सगळ्यात भिकार. त्यात मुलीचा विचार कमी आणि आपल्या झोपेचा जास्त.

पण माझं नशीब म्हणा, त्याच वर्षी जुलैत मध्य रेल्वेनं कल्याण–व्हीटी लेडीज स्पेशल सुरू केली. पश्चिम रेल्वेची चर्चगेट–बोरिवली मे महिन्यात आली होती, मग आपल्याकडेही. रोजच्या गाडीत बायकांचा डबा कुठे येतो ते बघून फलाटावर पळायचं, तो दोन हात पुढे थांबला की पुन्हा पळायचं, ही सवय अंगात इतकी मुरलेली की पहिल्या दिवशी लेडीज स्पेशलसमोरसुद्धा मी धावले. एक मावशी म्हणाल्या, "अगं कुठे पळतेस? अख्खी गाडी आपली आहे."

मुलींच्या कॉलेजात हेच होतं. एरवी आपल्याला एक डबा मिळतो, आणि तो मिळाला ह्याचंच कौतुक. तिथं सगळेच डबे आपले असतात, त्यामुळे सगळी कामंही आपलीच. गॅदरिंगच्या वेळी पताका बांधायला शिडीवर कोण चढणार हा प्रश्न यायचा तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघायचो, दुसरं कोणी नव्हतंच बघायला. शेवटी मी चढले. घरी ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायला दादाची वाट बघणारी मी तिथं दोरी दातात धरून वरून ओरडत होते, "शिडी धर गं, हलतेय!" स्पीकरची वायर जोडणं, टेम्पोवाल्याशी घासाघीस करणं, हिशेबात साठ रुपये कमी आले म्हणून रात्री जागणं, सगळं मुलींनीच. त्यात क्रांतिबिंती काही नव्हती. ते करायला दुसरं कोणी नव्हतं एवढंच.

एसएनडीटी आवडायचं अजून एक कारण आहे, ते माझ्याही आधीचं. माझी आई. मॅट्रिक झाली आणि लग्न झालं. मी शाळेत होते तेव्हा तिनं बाहेरून बी. ए. केलं, मराठी माध्यमातून, दुपारी भांडी झाल्यावर ओट्याशी उभं राहून वाचत. तिच्या पहिल्या पेपरच्या दिवशी बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावला. शिट्टी मोजायला विसरले, भात लगदा झाला, आणि तो आम्ही निमूट खाल्ला. कॉलेजचं फाटकसुद्धा जिनं पाहिलं नाही तिलाही जे विद्यापीठ आपलं म्हणतं, त्याला मी बाकीच्या नावांच्या खाली कशी घालू? मुंबईतल्याच मुलींच्या सोफिया कॉलेजची इमारत देखणी आहे, मान्य. पण मला विचारलंत तर आईच्या सर्टिफिकेटवर सोफियाचं नाव नाही.

आणि ते विद्यापीठ उभं राहिलं कसं तेही बघा. अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडते, आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हा माणूस पुण्यात महिला विद्यापीठ काढतो. आपण त्या वयात पेन्शनचे कागद गोळा करतो. १९२० मध्ये उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसी पंधरा लाख देतात आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागतं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, तेच एसएनडीटी. सरकारनं कायद्यानं मान्यता दिली १९५१ मध्ये. म्हणजे पस्तीस वर्षं मुली अशी पदवी घेत होत्या जिच्यावर सरकारी शिक्का नव्हता, आणि तरी घेत होत्या.

अण्णांशी माझं एक भांडण आहे मात्र. बायकांचा अभ्यासक्रम वेगळा हवा, त्यात घरकाम-आरोग्य हवं, ही त्यांची धारणा. मातृभाषेतून शिकवण्याबद्दल त्यांना साष्टांग नमस्कार, पण संसारशास्त्र बायकांनाच का? बाबांना कोणी ते शिकवलं असतं तर आम्हाला तो लगदा खावा लागला नसता. असो. ह्याच कर्व्यांच्या संस्थेनं १९९१ मध्ये कमिन्स काढलं आणि एसएनडीटीनं १९९७ मध्ये जुहूला इंजिनिअरिंग आणलं, तेव्हा भांडण बरंचसं मिटलं असं धरायला हरकत नाही.

भाचीनं मग खरा प्रश्न विचारला. "आत्या, पण तेव्हा दुसरीकडे घेतच नव्हते. आता घेतात. मग आता कशाला वेगळं?"

प्रश्न चोख आहे. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात गेल्या, १८८६ ला डॉक्टर झाल्या. त्या काळी बाईला डॉक्टर व्हायचं तर दारंच मोजकी उघडी होती. पुढे बाकीची दारं उघडली आणि तेच कॉलेज १९७० च्या सुमारास मुलांनाही घ्यायला लागलं. आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेत पोकिप्सी गावी आहेत. त्याच गावातलं व्हासर कॉलेज, एकेकाळी फक्त मुलींचं, १९६९ पासून दोघांचं. मग आपलीच कॉलेजं कशाला धरून बसायची?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तिनंच दिलं, नकळत. मी सहज विचारलं, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला तुमचा ग्रुप कसा होता? म्हणाली, चौघांचा. दोन मुलगे, दोन मुली. रीडिंग कोण घ्यायचं? "मुलगे." सर्किट कोण जोडायचं? "तेच." आणि तू?

"मी जर्नल लिहायचे. माझं अक्षर चांगलं आहे ना, म्हणून."

दोन वर्षं. मुलगी हुशार, पर्सेंटाइल दादाच्या अपेक्षेपेक्षा वर, आणि दोन वर्षांत तिनं मल्टीमीटर हातात धरला तो एकदा, तोही एक मुलगा आजारी होता म्हणून. कोणी तिला अडवलं नव्हतं, वाईट वागवलं नव्हतं. चांगली मुलं होती, ती अजून त्यांच्याशी बोलते. फक्त कामाची वाटणी आपोआप अशी झाली, आणि तिलाही त्यात काही खटकलं नाही. कटऑफच्या यादीत ह्यासाठी रकाना नाही. म्हणून मी म्हणते, कॉलेज बघायला जाल तेव्हा कॅन्टीन आणि प्लेसमेंटचा फ्लेक्स बघून परत येऊ नका. प्रॅक्टिकल चालू असताना लॅबच्या दारात पाच मिनिटं उभे राहा. यंत्रावर कोणाचे हात आहेत ते बघा, आणि वही कोणासमोर आहे ते बघा.

पैशाचं थोडक्यात. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ज्यांना लागू आहे त्यांनी दाखले आत्ताच काढा, शेवटच्या आठवड्यात रांगा लागतात. पुण्याला मात्र राहण्याजेवण्याचा खर्च आलाच. जुहूला ठाण्याहून दादरला गाडी बदलून सांताक्रूझ आणि पुढे रिक्षा, पावसाळ्यात त्याचे काय हाल होतात ते सांगायला नको. वाशीला थेट लोकल.

काल रात्री अकरा वाजता तिचा मेसेज आला. फॉर्म लॉक केला. पहिलं कमिन्स, दुसरं वाशी, तिसरं जुहू. माझं जुहू तिसरं! दादरची गर्दी तिला नको आहे म्हणे. मी रागावून लिहिलं, वाशी मिळालं तर तिथं पुन्हा जर्नलच लिहीत बसणार का?

उत्तरादाखल तिनं एका वहीच्या पानाचा फोटो पाठवला. कोंबडीचे पाय शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं काहीतरी. खाली लिहिलं होतं, "प्रॅक्टिस चालू आहे आत्या. कॉलेज सुरू होईपर्यंत कोणालाच वाचता येणार नाही."