सदस्यांची मतं नेमकी कुठे आटतात

जपानच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षनिवड म्हणजे देखावा, चार म्हातारे बंद खोलीत ठरवतात आणि सदस्यांची मतं तोंडी लावण्यापुरती, अशी तुमची तक्रार. शिवाय ‘सदस्यांचा वाटा निम्मा’ असं लिहून मी दिशाभूल केली, हा दुसरा आक्षेप. दुसरा मान्य. निम्मा वाटा फक्त पहिल्या फेरीत असतो, हे राहूनच गेलं.

ऑक्टोबर २०२५ चा हिशेब बघा. खासदार २९५, म्हणून वर्गणीदार सदस्यांच्या वाट्यालाही २९५ मतं. देशभरच्या मतदानाच्या प्रमाणात ती उमेदवारांत वाटतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत की पहिल्या दोघांत दुसरी फेरी. तिथे खासदार तेवढेच राहतात, सदस्यांकडे मात्र ४७ प्रीफेक्चरचं, म्हणजे जपानच्या प्रांतांचं, प्रत्येकी एक मत उरतं. ३४२ पैकी ४७, जेमतेम १४ टक्के. टोकियोला एक आणि चिमुकल्या तोत्तोरीलाही एकच. त्यातून सदस्य पुन्हा मतदान करत नाहीत. पहिल्याच मतांमध्ये त्या दोघांपैकी पुढे कोण, एवढंच पाहतात. तिसऱ्या आलेल्या हायाशींच्या मतदारांना दुसरी पसंती कुणी विचारत नाही.

तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा तुम्ही दिलाच नाहीत: २०२१. सदस्यांच्या ३८२ पैकी कोनोंना १६९, किशिदांना ११०. दुसऱ्या फेरीत ३९ प्रीफेक्चर कोनोंकडे, पण खासदार २४९ विरुद्ध १३१, आणि किशिदा अध्यक्ष. २०१२ मध्ये तर दुसरी फेरी फक्त खासदारांची होती. सदस्यांत पुढे असलेले इशिबा आबेंकडून ८९-१०८ असे हरले. ४७ मतांची सोय त्यानंतरची.

तरी ‘देखावा’ पटत नाही. २०२५ च्या पहिल्या फेरीत खासदारांची मतं कोइझुमींना ८०, ताकाइचींना ६४. सदस्यांत उलट: ताकाइची ११९, कोइझुमी ८४. दुसऱ्या फेरीत प्रीफेक्चर ३६-११ ताकाइचींकडे. पण ती बाजूला ठेवली तरी खासदारांतच त्या १४९-१४५ अशा पुढे. बाद झालेल्या तिघांचे दीडशे खासदार होते, त्यांतून ताकाइचींची ८५ वाढली, कोइझुमींची ६५. सदस्यांचा कौल जाहीर झाल्यावर खासदार दुसरं मत टाकतात, आणि मतदारसंघात पत्रकं वाटायला हेच सदस्य लागतात. पंच्याऐंशीच्या माजी पंतप्रधान आसोंनी आपल्या गटाला ‘सदस्यांत पुढे असेल त्याच्यामागे जा’ असं सांगितल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे तुमचा म्हातारा आहेच, पण तोही आकडे बघून बोलतो!

बंद खोली शोधायचीच तर अचानक रिकाम्या झालेल्या खुर्चीपाशी शोधा. २००० मध्ये पंतप्रधान ओबुची आजारपणाने कोसळल्यावर पाच नेत्यांनी मोरींचं नाव ठरवलं. २०२० मध्ये आबेंनी राजीनामा जाहीर केल्यावर देशव्यापी सदस्य-मतदान गाळलं. ३९४ खासदार आणि प्रत्येक प्रीफेक्चरचे तीन असे १४१ प्रतिनिधी, त्यात सुगांना ३७७. इशिबांनी २०२५ मध्ये मुदतीआधी पद सोडलं तेव्हाही ही आडवाट मोकळी होती, पण पक्षाने पूर्ण मतदान घेतलं.

मूळ लेखात ‘निम्मा’च्या आधी ‘पहिल्या फेरीत’ हे शब्द घातले आहेत.