जोर लावायचा नाही

आमच्या कोल्हापुरात कुठलीही वस्तू अडली की औषध एकच: जोर. बरणीचं झाकण निघेना? जोर लाव. दार फुगलं? खांदा लाव. खासबागेत कुस्त्या बघत वाढलेल्या गावात 'हळू' हा शब्द फक्त शाळेसमोरच्या पाटीवर दिसतो, तोही कुणी वाचत नाही.

अशा गावात मी भंगारवाल्याकडून वीज मोजायचा जुना एव्हो-आठ मीटर घेतला, किलोच्या भावानं. एव्हो म्हणजे अँपिअर, व्होल्ट, ओहम. हे ब्रिटिश मॉडेल १९५१ साली आलं. काळं अंग, काट्याखाली आरशाची पट्टी आणि पुढं दोन मोठे नॉब: डावा डी.सी.चा, म्हणजे बॅटरीसारख्या विजेचा, उजवा ए.सी.चा, म्हणजे घरात येते त्या विजेचा. दोघं वाटणी न झालेल्या भावांसारखे. ए.सी. मोजायचं तर आधी डाव्यानं 'ए.सी.' खुणेवर जायचं, डी.सी. मोजायचं तर उजव्यानं 'डी.सी.'वर. एकाची सही नसेल तर दुसऱ्याचा सातबारा निघत नाही.

डावा नॉब ढिम्म हलेना.

शेजारचे आबा कुंपणावरूनच म्हणाले, "सर, सरका बाजूला. पान्हा आणतो." उद्यमनगरातला माझा टर्नर दोस्त तर आणखी पुढं. "भावा, वाईसमध्ये धरतो आणि एक हिसका देतो. विषय संपला!" विषय खरंच संपला असता. आतलं बेकलाइट, म्हणजे जुनं कडक प्लास्टिक, तडकलं, की नॉब भोवऱ्यासारखा फिरतो आणि मीटर शोकेसमध्ये जातो. तिसऱ्यानं गंज सोडवायचा फवारा पुढं केला. पण इथं गंज नव्हताच आणि तो तेलकट फवारा आतल्या संपर्कांवर बसला की धूळ गोळा करतो.

निदान आईनं केलं, तेही न बघता. "थंडीत खोबरेल थिजतं, तसं झालं असंल." अगदी तसंच. कारखान्यात घातलेल्या ग्रीसमधलं तेल इतक्या वर्षांत उडून गेलं होतं. मागं उरला मेणासारखा चिकट गोळा, आणि नॉबचा दांडा त्यात रुतलेला. यात बनवणाऱ्याचा दोष काय? माझे गुडघे त्या मीटरपेक्षा लहान आहेत, तरी सकाळी असेच वागतात.

मग बायकोचा हेअर ड्रायर. दहा मिनिटं दांड्यावर ऊब. ड्रायर बंद करून लांब ठेवला, मीटर निवू दिला आणि मग सिरिंजनं दांड्याच्या मुळाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब. (हा क्रम चुकवू नका, अल्कोहोल भडकतं. औषध दुकानदारानं "कशाला पाहिजे?" असं दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा माझ्या तोंडाचा वास घेत.) मग नॉब केसभर इकडं, केसभर तिकडं. परत थेंब. असे तीन दिवस. आबा रोज कुंपणावर येऊन "सुटली का कुस्ती?" विचारायचे आणि मान हलवत परत जायचे.

तिसऱ्या रात्री आवाज आला: टक्.

मी घरभर ओरडत सुटलो. घरातलीच वीज मोजून उद्घाटन करायचं ठरलं. आबांना बोलावलं, आई खुर्ची ओढून बसली. डावा नॉब ऐटीत 'ए.सी.'वर नेला आणि उजव्याला हात घातला.

तो हलेना.

कुणी काही बोललं नाही. बायको आत गेली आणि ड्रायर घेऊन आली.