पुढची पाच षटकं महत्त्वाची

आमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं एकच बटण झिजलंय. आवाज बंद करायचं. त्यावर काट मारलेल्या भोंग्याचं चित्र होतं म्हणे. आता तिथे नुसता गुळगुळीत खड्डा आहे. हे काम बाबांच्या अंगठ्याचं. गोलंदाज धावायला लागला की आवाज चालू, चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात विसावला की बंद. बॅटचा टणत्कार ऐकायचा, प्रेक्षकांचा कल्ला ऐकायचा आणि मधला माणूस तेवढा चुकवायचा. वरणातून खडा वेचावा, इतक्या निगुतीने हे काम दिवसभर चालतं.

मधला माणूस म्हणजे समालोचक.

बाबांचं क्रिकेट रेडिओवर झालं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत ते मोठे झाले, आणि तो आवाज कानात असल्यामुळे टीव्हीवरचा प्रत्येक माणूस त्यांच्या परीक्षेत नापास होतो. वर तो नापास का होतो हेही बाबा सांगतात. रेडिओवाल्याला बोलणं भाग असतं. तो थांबला की मैदान नाहीसं होतं. क्षेत्ररक्षक कुठे उभाय, फलंदाज पुढे आला की मागे गेला, चेंडू गवतातून गेला की हवेतून, सगळं त्याला तोंडाने उभं करायचं असतं. टीव्हीवाल्याला मैदान दिसतंय, आपल्यालाही दिसतंय, तरी तो आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसा आपला हात सोडत नाही. चेंडू सीमारेषेच्या दोराला लागून थांबलाय, पंचांचा हात हलून झालाय, खालच्या पट्टीत ४ झळकून विझलाय, आणि आतून आवाज येतो, "आणि हा चौकार!"

"टीव्हीवर रेडिओ लावतात," असं म्हणून बाबा अंगठा दाबतात.

त्यांच्याकडे एक वही आहे. ती उशीखाली असते. तिच्यात धावा नाहीत, बळी नाहीत. समालोचकांची ठरलेली वाक्यं आहेत आणि प्रत्येकापुढे काड्या. 'क्रिकेटमध्ये काहीही होऊ शकतं' याला एक पान. 'धावफलकावर धावा लागल्या पाहिजेत' याला एक पान. (कुठे लागायला हव्या होत्या, भिंतीवर?) सगळ्यात भरलेलं पान 'पुढची पाच षटकं महत्त्वाची' याचं. एका एकदिवसीय सामन्यात एकाच डावात हे वाक्य अकरा वेळा आलं. पन्नास षटकांचे पाच-पाचचे गठ्ठे केले तर दहाच होतात. अकरावा गठ्ठा यांनी कुठून पैदा केला, हे बाबांना आजतागायत उलगडलेलं नाही. त्या पानावर त्यांनी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

मी बाबांइतका कडक नाही. मला काही समालोचक मनापासून आवडतात, आणि त्यांत पहिलं नाव रिची बेनॉचं. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर, कर्णधार, कसोटीत 2000 धावा आणि 200 बळी हा दुहेरी टप्पा गाठणारा जगातला पहिला खेळाडू. म्हणजे 'आमच्या वेळी' म्हणण्याचा हक्क असलेला माणूस, आणि नेमका तोच कधी म्हणायचा नाही. फिकट रंगाचा कोट घालून पडद्यावर यायचा, दोन वाक्यं बोलायचा आणि मग इतका वेळ गप्प बसायचा की मी लहानपणी टीव्हीला चापट मारायला उठायचो. चित्रात जे दिसतं त्यात भर घालता येत असेल तरच तोंड उघडायचं, असा त्याचा नेम होता. त्यामुळे तो बोलला की माणसं ऐकत. 1981 साली मेलबर्नला न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी 6 धावा हव्या होत्या आणि ट्रेव्हर चॅपलने कर्णधार भावाच्या सांगण्यावरून चेंडू चक्क जमिनीवरून सरपटत सोडला. त्या दिवशी, क्रिकेटच्या मैदानावर पाहिलेल्या सर्वांत वाईट गोष्टींपैकी ही एक, असं बेनॉने आपल्याच देशाच्या कर्णधाराबद्दल टीव्हीवर सुनावलं. आवाज चढवला नाही. एरवी गप्प बसणाऱ्या माणसाला तो चढवावाच लागत नाही.

त्याचा इंग्लंडमधला निरोप तर मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. सप्टेंबर 2005, ओव्हल, इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅशेस मालिकेचा शेवटचा दिवस. म्हातारा मायक्रोफोनवर शेवटचे आभार मानतोय, आणि वाक्याच्या मध्येच मॅकग्राने पीटरसनचा त्रिफळा उडवला. 158 धावांची खेळी संपली. दुसरा कुणी असता तर आपल्या निरोपाच्या भाषणात विघ्न आणल्याबद्दल मॅकग्रावर रुसला असता. याने त्याच सुरात विकेटची नोंद केली, पीटरसनला त्याचं श्रेय दिलं आणि आभाराचं वाक्य जिथे सुटलं होतं तिथून उचललं. आमच्याकडे लग्नात आभार मानायला उभा राहिलेला माणूस माइक खरखरला तरी पहिल्यापासून सुरू करतो.

हे ऐकून तुम्हाला वाटेल मला ओरडणारे चालत नाहीत. तसं नाही. टोनी ग्रेग ओरडायचाच. साडेसहा फुटांचा माणूस, दक्षिण आफ्रिकेत वाढला, इंग्लंडचा कर्णधार झाला, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला आणि आरडाओरडा मात्र आपल्या सचिनसाठी केला. खेळपट्टीच्या भेगेत गाडीची किल्ली खुपसून दाखवायचा. ती आत गेली की फिरकीपटूंच्या आधी मला आनंद व्हायचा. 1998 च्या एप्रिलमध्ये शारजात वाळूचं वादळ येऊन गेलं आणि मग सचिनने 143 केल्या, त्या रात्रीचा ग्रेगचा आवाज आठवला की अजून अंगावर काटा येतो. बाबांनीसुद्धा त्या डावात बटणाला हात लावला नव्हता. फरक एवढाच की ग्रेग खेळ चढला की चढायचा. हल्लीचे काही जण नाणेफेकीपासूनच चढलेले असतात. नाणं खाली पडलं यातच त्यांचा घसा निम्मा जातो, मग खरा षटकार बसतो तेव्हा वर जायला जागाच उरत नाही.

रवी शास्त्री आमच्या घरातला वादाचा विषय. चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा गेला हे त्याने इतक्या वेळा सांगितलंय की बाबांनी त्याच्यासाठी वहीत वेगळं पान काढलं होतं. पण मी त्याची बाजू घेतो. 2007 मध्ये डर्बनला युवराजने ब्रॉडला एका षटकात सहा षटकार मारले तेव्हा माइकवर शास्त्री होता, आणि त्याने स्वतः जानेवारी 1985 मध्ये वानखेडेवर बडोद्याच्या तिलक राजला सहा चेंडूंत सहा षटकार मारले होते. चौथ्या-पाचव्या षटकाराला छातीत काय होतं हे ठाऊक असलेला माणूस त्या खोलीत बसला होता. शिवाय 2 एप्रिल 2011 च्या रात्री धोनीचा तो षटकार आणि शास्त्रीचं "धोनी फिनिशेस ऑफ इन स्टाइल" हे दोन वेगळे काढताच येत नाहीत. मी त्या फटक्याची चित्रफीत एकदा आवाज बंद करून पाहिली. एका माणसाने बॅट फिरवली आणि चेंडू लांब गेला, इतकंच दिसलं. बाबांना हे सांगितलं, तर त्यांनी त्या दिवशी ऐकू कमी येत असल्याचं दाखवलं.

इयन बिशपचंही तसंच. 2016 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, ईडन गार्डन्स, वेस्ट इंडीजला शेवटच्या षटकात 19 हव्यात, आणि ब्रेथवेटने स्टोक्सला ओळीने चार षटकार ठोकले. "कार्लोस ब्रेथवेट! रिमेंबर द नेम!" बिशप स्वतः वेगवान गोलंदाज. गोलंदाजाची अशी धुलाई पाहून आनंदाने ओरडताना त्याच्या खांद्यात कुठेतरी एक जुनी कळ आली असणार, असं मला उगाच वाटतं.

मोटारींच्या शर्यती मला कळत नाहीत, तरी मरे वॉकरसाठी त्या मी पाहिल्या आहेत. हा गृहस्थ घोडचुका करायचा आणि लगेच कबूल करायचा. "माझी फार चूक होत नसेल तर" अशी सुरुवात करून पुढच्याच श्वासात "माझी फार चूक होतेय" म्हणणारा समालोचक मला आयुष्यात दुसरा भेटला नाही. सतत बोलणारा हा माणूस 1996 साली सुझुकाला डेमन हिल जगज्जेता झाला तेव्हा घशात आवंढा आलाय म्हणून थांबला. तेव्हापासून त्याला शंभर चुका माफ.

माफ होत नाहीत ते तिघे. नावं सांगत नाही. एकेकटे सुस्वभावी असतीलही. पण तिघांना एका खोलीत बसवलं की सामना हा त्यांच्या गप्पांमधला व्यत्यय होतो. परवाचीच गोष्ट. एकजण दौऱ्यावरच्या आपल्या खोलीतल्या जोडीदाराच्या घोरण्याची हकीकत सांगत होता. दुसरा हसत होता. तिसरा, तो कुठल्या कुशीवर घोरायचा, असा खोलात शिरला होता. इकडे समोर मधली यष्टी उडून यष्टिरक्षकाच्या पायाशी पडली. क्षणभर शांतता. मला वाटलं, आता सांगतील. तर पहिल्याने आधी घोरण्याचा शेवट सांगितला, तिघे हसले, आणि मग "ओहो, विकेट!" पुनर्प्रक्षेपण सुरू झाल्यावर मात्र त्यांच्यातल्या एकाला जाग आली. म्हणाला, "मी दोन चेंडूंपूर्वीच म्हणणार होतो." म्हणणार होतो! अशाने मीही 2003 चा विश्वचषक जिंकणार होतो.

त्या दिवशी बाबांनी बटण दाबलं ते उठवलंच नाही. पण माणूस गप्प करायला गेलं की बॅटही मुकी होते. मुक्या टीव्हीवर गोलंदाजाचं अपील म्हणजे कुणीतरी जिन्यावरून पडताना मदत मागतंय असं दिसतं. ही आतून येऊन टीव्हीकडे, मग आम्हा दोघांकडे पाहून म्हणाली, "कुणी गेलं का?"

मग बाबांनी तोड काढली. टीव्ही मुका, कानात रेडिओ. पण मोबाइलवरून टीव्हीवर येणारं आमचं प्रक्षेपण रेडिओच्या चांगलं आठ-दहा सेकंद मागे. रेडिओवर झेल घेऊन संघ नाचत असताना आमच्याकडे गोलंदाज अजून चेंडू मांडीवर घासतोय. मी वैतागलो. बाबा खूश झाले. त्यांनी इयरफोनची वायर शर्टाच्या आतून नेली आणि नातवाला जवळ बसवलं. "बघ हां, हा आता उचलून मारणार आणि डीप मिडविकेटला सापडणार." सापडला. "हा सोडणार." सोडला. "आता वाइड." पंचांचे हात पसरले. दोन सामने चिरंजीव आजोबांकडे देव पाहिल्यासारखा पाहत होता. परीक्षेचे प्रश्नही सांगाल का, असं त्याने विचारलं तिथे मात्र भांडं फुटलं.

शेवटी सुटका झाली ती त्याच रिमोटमुळे. झिजलेल्या बटणाने एकदा दगा दिला, म्हणून बाबांनी आजूबाजूची दोन-तीन दाबली आणि समालोचन एकदम तमिळमध्ये सुरू झालं. परत कसं आणायचं ते कुणालाच जमेना. पाच मिनिटं आम्ही कुरकुरलो. दहाव्या मिनिटाला बाबा म्हणाले, "राहू दे."

काय माणूस होता तो! आवाज खालून हलकेच उचलायचा, गोलंदाजाबरोबर धावायचा, चेंडू पडला की थबकायचा. षटकार गेला की एकच लांबलचक शब्द, तोही चेंडू परत येईपर्यंत पुरणारा. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे तो चुकीचं, उगाच किंवा अकरा वेळा काहीच बोलत नव्हता. तीन आठवडे रिमोट टीपॉयवर पडून होता आणि वही उशीखाली. बाबा तर त्याचं बोलणं मला समजावून सांगायला लागले. "हे बघ, आता मनगटाबद्दल बोलतोय. चेंडू सोडताना मनगट कसं ठेवतो ते. अभ्यास आहे गड्याचा. आपल्याकडच्यांना नाही सुचायचं हे."

वरच्या मजल्यावरच्या तमिळ वहिनी चुकून आमच्याकडे आलेलं त्यांचं कुरियर न्यायला आल्या, तो नेमका मनगटाचाच प्रसंग चालू होता. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि हसू आवरत म्हणाल्या, "अय्यो, तुम्ही तमिळ ऐकता?"

"समजत नाही गं, पण माणूस जाणकार आहे," बाबा म्हणाले. "आता बघ, मनगटाचं सांगतोय ना?"

वहिनींनी कान दिला. "मनगट? नाही काका. तो म्हणतोय, उत्तर मेसेज करा आणि मोटारसायकल जिंका."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "बरं, ते असेल मधे. जाहिरात असते. आता काय म्हणतोय? आता बघ कसा गंभीर झालाय."

तो खरंच गंभीर झाला होता. आवाज खाली, शब्दाशब्दावर वजन. गोलंदाज आपल्या खुणेकडे परत चालला होता. वहिनी कुरियर काखेत धरून दोन क्षण ऐकत राहिल्या.

"म्हणतोय, पुढच्या पाच ओव्हर फार महत्त्वाच्या आहेत."

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी उशीखाली हात घातला आणि मला म्हणाले, "पेन दे."