“अकरा दिवस मुद्दाम अडवून ठेवला” या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्हाला अकरा दिवस ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. फोनवर माझा मुलगा तीनदा “उद्या नक्की” म्हणाला, तेही चुकलंच. काम कुठे अडलंय हे त्याला माहीत नव्हतं. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून तो बोलून गेला, आणि नाराजी दुप्पट झाली.

पण तुम्ही लिहिलंय, “घरी चालू असलेला कॉम्प्युटर दिला, दुकानात जाऊन दोन ड्राइव्ह लॉक झाले. बॅटरी काढली की पाच मिनिटांत होणारं काम अकरा दिवस मुद्दाम अडवून ठेवलं. मालक उद्धट.” यातला ‘मुद्दाम’ हा शब्द मला दोन रात्री झोपू देत नाहीये. एक स्टार द्या, तुमचा हक्क आहे. ते अकरा दिवस कुठे गेले ते मात्र सांगू द्या, कारण हे वाचून उद्या कोणी माझ्या दाराशी यायचं नाही.

शनिवारी तुम्ही मशीन आणलंत. काय झालं असं विचारल्यावर “काहीच केलेलं नाही, आपोआप झालं” म्हणालात. सुरू करून पाहिलं तर विंडोज टाकल्याची तारीख तीन दिवसांपूर्वीची. मग तुम्हीच म्हणालात, हो, भाच्याने सी फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकलं. ताई, सगळी गोम तिथेच होती. तुमच्या बाबांनी सी आणि डी दोन्ही ड्राइव्हना बिटलॉकर, म्हणजे विंडोजचंच डिस्कला कुलूप घालायचं साधन, लावलेलं होतं. डी इतकी वर्षं न विचारता उघडायचा, कारण तो उघडण्याची सोय सी वरच्या जुन्या विंडोजने स्वतःजवळ जपून ठेवली होती. सी पुसला तशी तीही पुसली गेली. डी वरचं पिवळं कुलूप माझ्या दुकानात लागलेलं नाही, ते तुमच्या घरून लागूनच आलं.

ई ड्राइव्हचं काम त्याच संध्याकाळी झालं. तिथे कुलूप नव्हतंच, फक्त फोल्डरचा मालक जुन्या विंडोजमधला युजर होता. नव्या विंडोजला तो ओळखू येईना, म्हणून नावाच्या जागी नुसता लांबलचक आकडा दिसत होता आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ येत होतं. मालकी बदलली, परवानग्या दिल्या, फाइली उघडल्या. हे खरंच पटकन होतं, आणि तसं मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं. ते रिव्ह्यूमध्ये कुठे आलं नाही.

रविवारी दुकान बंद. सोमवारी डी च्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली, कारण डिस्क जुनी, मधूनमधून कुरकुरत होती, आणि बाबांचे फोटो त्याच एका जागी आहेत असं तुम्ही सांगितलं होतं. मूळ डिस्कवर प्रयोग करायला माझा हात धजावला नाही.

मंगळवारपासून मी थांबलो होतो ते रिकव्हरी कीसाठी, म्हणजे बिटलॉकरचं कुलूप उघडणाऱ्या राखीव चावीसाठी. ही की ४८ आकडी असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती माझ्याकडे नसते, कुठल्याच दुकानदाराकडे नसते, आणि ती १२८ बिटची असल्यामुळे अंदाजाने शोधायची तर जन्म पुरायचा नाही. बॅटरीचं म्हणाल तर बोर्डावरची ती गोल बॅटरी काढल्यावर बायोसची, म्हणजे मशीन सुरू होतानाची, सेटिंग जाते, पुष्कळ जुन्या डेस्कटॉपवर सुरुवातीचा पासवर्डही जातो. पण बिटलॉकरचं कुलूप बोर्डावर नसतं, डिस्कवरचा मजकूरच गुंतवून ठेवलेला असतो. बॅटरी काढून कुलूप उघडायचा व्हिडिओ मीही पाहिलाय. त्यातलं कुलूप वेगळं आहे.

तुम्ही मंगळवारी एका छापील कागदाचा फोटो पाठवलात. तो मी बुधवारी संध्याकाळी पाहिला, हा एक दिवस माझ्या खात्यात घाला. पण ती की सी ची निघाली. स्क्रीनवर डी ची की आयडी, म्हणजे कुठली की लागेल ते सांगणारी खूण, येते, तिची पहिली आठ अक्षरं आणि कागदावरची आठ अक्षरं जुळत नव्हती. तेव्हा मी म्हणालो, “ताई, कुलूप माझ्याकडे आहे, चावी तुमच्याकडे.” हाच बहुधा माझा उद्धटपणा. माझ्या मनात चेष्टा नव्हती. पण वडिलांच्या वस्तू धुंडाळत बसलेल्या माणसाला ते लागलं असेल, हे मला नंतर सुचलं.

मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार. या तीन दिवसांत मी दोनदा फोन केला, बाबांचं मायक्रोसॉफ्ट खातं तपासायला सांगितलं, जुने पेन ड्राइव्ह पाहायला सांगितले. रविवारी रात्री तुम्हाला ती डायरी सापडली. सुट्टी होती, तरी शटर अर्धं वर करून बसलो.

बाबांनी की मराठी आकड्यांत लिहिली होती. अक्षर सुरेख, पण शाई फुटलेली, आणि १ कुठला, ९ कुठला ते कळेना. पहिल्यांदा टाकली, नाही लागली. या कीमधल्या प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, तशीच ती बनवलेली असते. म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन आठही गट तपासले. दोन गटांत बाकी उरत होती. तिथले १ चे ९ करून पाहिले आणि डी उघडला. आकडे इथे लिहीत नाही, ते तुमचे आहेत. सोमवारी फाइली नव्या डिस्कवर उतरवल्या, मंगळवारी तुम्ही मशीन नेलंत. अकरातले माझे दिवस मोजा. पैशांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून रविवारच्या रात्रीचं बिलात काय लावलं, तेही मी लिहीत नाही.

यापुढे काम का थांबलंय ते गिऱ्हाइकाला वेळच्या वेळी कळवायची काहीतरी व्यवस्था करतोय, मुलालाही समज दिली आहे. आणि भाच्यावर रागावू नका, फॉरमॅट मारण्याआधी बिटलॉकर बघायचं असतं हे पुष्कळांना माहीत नसतं.

एक राहिलं. सोमवारी काढलेली डी ची प्रत अजून माझ्या कपाटात आहे, आहे तशीच, कुलूपबंद. नव्या डिस्कवरचे सगळे फोटो एकदा उघडून पाहा आणि नीट आहेत एवढं कळवा. तुमचा निरोप आला की ती पुसून टाकतो, तोवर ठेवतो.