चिकटेल तर शपथ!

घरच्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये पाळायला लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारखं मऊ प्रवाळ, हे नवशिक्यांचं कोरल, असं दुकानदार तोंड भरून सांगतात. जगवायला सोपं असेलही हो, पण दगडावर बसवायचं कुणी? कडक कोरलला खाली चुन्याचा सांगाडा असतो, ग्लू लावला की विषय संपला. इथे नुसतं मांस, आणि लावायला तुकडा कापल्या कापल्या सुटणारा बुळबुळीत स्राव. सुपरग्लू जेल त्या बुळबुळीलाच धरतं, वर पांढरा पापुद्रा येतो, आणि थोड्या वेळात कोरल सुटून थेट वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या, जाळीवर. मग रबरबँड. सैल बांधलं तर निसटतं, घट्ट बांधलं तर मांसात रुतून दोन तुकडे.

मशरूम कोरलचं तर बोलूच नका! त्याला दगडाच्या बारक्या तुकड्यांसोबत डबीत ठेवा, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधा, प्रवाह मंद ठेवा आणि महाराज मनाला येईल तेव्हा पाय रोवतील याची दिवसेंदिवस वाट बघा. एकदाचे रोवले, की रात्री टर्बो गोगलगाय बुलडोझरसारखी येते आणि दगडासकट सगळं वाळूत पालथं. सकाळी पुन्हा कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात, बोटांवर वाळलेला ग्लू. त्यात घरचे विचारणार, "अजून तेच चाललंय का?"

हो. तेच!